शेवंतीला भूक लागेपर्यंत

शब्बीरकाकांनी टेम्पो उलटा घेत घेत आमच्या अंगणातल्या तुळशीपाशी आणला आणि मागचा फाळका खाली सोडला, तेव्हा आई शेवंतीला चौथी पुरणपोळी भरवत होती.

"खा गं बाई, पोटभर खा," ती शेवंतीच्या कानाशी बोलत होती. "माहेरी निघालीस. उपाशी जाऊ नको."

शेवंती म्हणजे आमची गाय. त्याच्या तीन वर्षं आधी माझ्या मामानं आईला दिलेली. माहेरवाशीण निघाली की तिची ओटी भरतात, तसं आईनं त्या सकाळी शेवंतीचं सगळं केलं होतं. कपाळाला हळदीकुंकू, शिंगांना नव्या कोऱ्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या, पुढ्यात जगदाळ्यांच्या रानातून मागून आणलेला टोपलीभर हिरवा मका, आणि वर पुरणपोळ्या. शेवंती डोळे अर्धवट मिटून चघळत होती. आपल्याला घालवून देतायत हे तिला कळलं असेल असं काही तिच्या तोंडावरून वाटत नव्हतं.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून पोळ्या मोजत होते. शेवंतीचं दूध कडू झालंय म्हणून तिला मामाकडे परत पाठवतायत, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण ते कडू का झालं हे फक्त मला माहीत होतं. शुक्रवारी दुपारपासून माहीत होतं, आणि आता रविवारचे दहा वाजले होते.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होते आणि बोलत नसे. म्हणजे मला बोलता यायचं, घरातल्या मांजराशी तर मी तासन्‌तास बोलायची. पण समोर मोठी माणसं आली की शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथंच बसकण मारायचे. शाळेत हजेरीला मी तोंड उघडायची नाही, नुसता हात वर करायची. आमच्याकडे आक्का-आत्या राहते, पप्पांची थोरली बहीण. ती स्वतःच्या वाटणीचं बोलून झालं की माझ्या वाटणीचंही बोलून टाकायची, त्यामुळे घरात तसं काही अडायचं नाही.

दुधाचं पहिल्यांदा कळलं ते नामाआबांमुळे. त्यांचं फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, आणि आमचं बरंचसं दूध तिथंच जायचं. एका सोमवारी ते स्वतः दारात आले आणि आईला म्हणाले, वहिनी, गाईला कडुलिंबाचा पाला चारताय का? त्यांच्या हॉटेलात एका एसटी ड्रायव्हरनं चहाचा पहिला घोट घेतला होता आणि तसाच बाहेर जाऊन थुंकला होता. आईनं घरातलं दूध चाखून बघितलं आणि तिचं तोंड कारल्यासारखं झालं.

मग उपाय सुरू झाले. आक्का-आत्यानं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या तडतडल्या, ठसका सगळ्या आळीला लागला, आक्काचं समाधान झालं, दूध कडूच राहिलं. जनावरांचे डॉक्टर आले, कास दाबून बघितली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि एक पूड देऊन गेले. त्या पुडीनं शेवंती शिंकायला लागली. दूध कडूच. दुसऱ्या आठवड्यात नामाआबांनी आमचं दूध बंद केलं आणि हॉटेलातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'चहा आता कडू नाही.' त्यांनी ते गिऱ्हाईक परत यावं म्हणून लिहिलं होतं, आम्हाला टोचावं म्हणून नव्हे. पण आई त्यानंतर फाट्यावरून जायची बंद झाली. खुरपायला जाताना मळ्यातून लांबचा वळसा घ्यायची.

आक्काचं म्हणणं पहिल्यापासून एकच. गाईतच काहीतरी खोट आहे, जिथनं आली तिथं धाडा. पप्पांनी आठ-दहा दिवस मनावर घेतलं नाही. मग एका संध्याकाळी शब्बीरकाकांना फोन लावला. आई कुणाला काही बोलली नाही. फक्त शेवंतीची पाठ धुताना तिला म्हणाली, "तुला तर ते ठेवून घेतील गं. मी भावापुढं कुठल्या तोंडानं जाऊ?" हे मी ऐकलं होतं.

आता माझी बाजू. त्याच दिवसांत ढोबळे सरांनी, म्हणजे आमच्या विज्ञानाच्या सरांनी, शाळेत गाजर गवताची मोहीम काढली होती. गाजराच्या पाल्यासारखी पानं, वर पांढऱ्या मोहरीएवढी फुलं, ते गवत. आमच्या गावात श्रावणातसुद्धा पाऊस हात राखून पडतो, दुसरं काही धड उगवत नाही, पण हे मात्र रस्त्याकडेला कमरेएवढं होतं. जो सगळ्यात जास्त रोपं मुळासकट उपटेल त्याला भिंग बक्षीस. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची, नाहीतर खाज सुटते. उपटलेलं रस्त्यावर फेकायचं नाही, कारण तिथं ते परत बी टाकतं. घरी साठवायचं, रोजचा आकडा सरांना सांगायचा, शेवटच्या रविवारी सर घरोघर येऊन ढीग बघणार आणि मग सगळं खड्ड्यात पुरणार.

सरांनी आम्हाला वहीत माहितीही लिहून दिली होती. ही वनस्पती वर्षायू आहे, म्हणजे एका वर्षाच्या आत उगवते, फुलते, बी टाकते आणि मरते. हिचे मूळ स्थान मेक्सिको व त्याच्या आसपासचा अमेरिकेचा प्रदेश. आणि शेवटची ओळ, 'जनावरे हिला तोंड लावत नाहीत.' मी त्या ओळीखाली पट्टीनं रेघ मारली होती. सरांनी खाली लाल पेनानं 'छान' लिहिलं होतं.

जनावरं तोंड लावत नाहीत म्हटल्यावर मी माझा ढीग सगळ्यात सुरक्षित जागी रचला. गोठ्याच्या मागच्या बाजूला, शेवंतीच्या खुंट्यापासून तीन हातांवर. तिथं कुत्री येत नाहीत, पोरं येत नाहीत. दहा-दहाच्या रांगा लावून मोजायची. गुरुवारी माझी चारशे बारा रोपं झाली होती. पण सहज परत मोजली तर तीनशे चाळीसच भरली. मला वाटलं, जगदाळ्यांची वैदेही चोरतेय. ती माझ्याच वर्गात, तिची तीनशे नव्वद होती आणि तिला भिंग हवं होतं.

शुक्रवारी शाळा लवकर सुटली. घरी कुणी नव्हतं. मी पाण्याच्या टाकीमागं दबा धरून बसले, वैदेहीला रंगेहाथ पकडायला. वैदेही आली नाही. कडबा संपलेला, आई सकाळपासून खुरपायला गेलेली, पुढ्यातली गव्हाण रिकामी. शेवंती थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग दावं ताणलं, पुढचे दोन्ही गुडघे टेकले, मान लांबच्या लांब केली, जीभ बाहेर काढली आणि माझं एक रोप ओढून घेतलं. मग दुसरं. तोंड असं वाकडं करून खात होती, जसं आम्ही लहानपणी जंताचं औषध घ्यायचो. वरच्या ओठाला चार पांढरी फुलं चिकटली होती.

मी तिच्याखाली बसले, ओंजळीत एक धार काढली आणि चाखली. त्यानंतर गुळाचे तीन खडे खाल्ले तरी जीभ संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आली नाही.

ढीग मी तेवढ्याच वेळात कुंपणाच्या पलीकडे ओढून नेला. म्हटलं, आता दूध सुधारेल. पण ते काही नळाच्या पाण्यासारखं लगेच स्वच्छ होत नाही, शनिवारी सकाळीही कडूच निघालं. मधल्या काळात मी दोनदा पप्पांपुढं जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, काय गं? दोन्ही वेळा मी म्हणाले, काही नाही. ढीग माझा होता. आईचं फाट्यावरून जाणं मी बंद केलं होतं. आणि वहीत तर स्पष्ट लिहिलं होतं की जनावरं खात नाहीत. त्याखाली रेघसुद्धा मीच मारलेली.

तर रविवारचे दहा. पाचवी पोळी. तेवढ्यात ढोबळे सरांची मोटारसायकल अंगणात आली आणि सर वही काढून म्हणाले, चला, चॅम्पियनचा ढीग कुठाय? मी कुंपणाकडे बोट दाखवलं. सर गेले, वाकून मोजून आले. अंगणात तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती, कारण गाय टेम्पोत चढवणं हा आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम असतो. नामाआबा हॉटेल पोरावर सोपवून आले होते. त्यांना वाईट वाटत होतं.

"प्रणोती," सर म्हणाले, "तू चारशे बारा सांगितलीस. ही पावणेतीनशेसुद्धा नाहीत."

ते खोटारडी म्हणाले नाहीत. पण अंगणातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"गाईनं खाल्ली," मी म्हणाले.

शब्बीरकाका हसले. म्हणाले, आमच्या वेळेला गृहपाठाची वही बैल खायचा, आता गाई खायला लागल्या. सगळं अंगण हसलं. सरसुद्धा हसले आणि म्हणाले, अगं, ते जनावरं खात नाहीत, मीच तुम्हाला लिहून दिलंय.

"खातात, सर. शुक्रवारी मी बघितलं. दूध त्याच्यानंच कडू झालंय. आणि ढीग तिच्याजवळ मीच ठेवला होता."

माझ्या आयुष्यातलं तोवरचं ते सगळ्यात लांब बोलणं. आईच्या हातात सहावी पोळी तशीच राहिली. आक्का-आत्या म्हणाली, शिळी भाकरी पुढं केली तर मान फिरवणारी ही गाय, ती कशाला ती घाण खातीय. आणि ते खरंच होतं. शेवंतीच्या बादलीत झाडाचं पान पडलं तरी ती पाणी प्यायची नाही.

पप्पा जवळ आले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "तिनं जाऊ नये म्हणून बोलतीयस ना, बाळा?"

मी कुंपणाकडे पळाले, हाताला पिशवी बांधली, मूठभर गवत आणलं आणि शेवंतीच्या तोंडापुढं धरलं. शेवंतीनं ते हुंगलं. माझ्याकडे बघितलं. मग मान दुसरीकडे वळवून ढेकर दिली. ढेकरेला वेलदोड्याचा वास येत होता.

ह्यावेळी अंगण जरा जास्तच हसलं. पप्पांनी शब्बीरकाकांना हातानं खूण केली, घ्या चढवून. दोघंजण दावं सोडायला पुढं झाले.

मी चालत गेले आणि टेम्पोच्या फाळक्यावर जाऊन बसले. ठरवून वगैरे नाही. पाय तिकडे गेले, मी बसले.

"तिचं पोट भरलंय," मी म्हणाले. "टोपलीभर मका आणि पाच पोळ्या खाल्ल्यात तिनं. तिला भूक लागू दे, मग बघा."

"गाईला भूक लागंस्तवर टेम्पो उभा करायचा व्हय?" शब्बीरकाका म्हणाले.

"हो."

त्यांना दुपारी एक वाजता शेजारच्या गावात बारशाच्या मंडपाचं सामान पोचवायचं होतं. ते पप्पांकडे बघायला लागले, पप्पा घड्याळाकडे. तेवढ्यात आई उठली. उरलेल्या पोळ्यांचं ताट आत नेऊन ठेवलं, शेवंतीपुढची मक्याची टोपली उचलून जगदाळेकाकूंच्या हातात दिली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "शब्बीरभाऊ, एक वाजेपर्यंत थांबा. मी चहा टाकते."

"दूध कुणाचं?" नामाआबांनी विचारलं.

"कोरा," आई म्हणाली.

मूठभर गवत शेवंतीच्या पुढ्यात ठेवलं. शेवंती खाली बसली आणि रवंथ करायला लागली. आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. तुम्ही कधी रवंथ करणाऱ्या गाईकडे वीस जणांनी मिळून बघितलंय का? पहिली पाच मिनिटं ठीक जातात. मग कुणीतरी खाकरतं, कुणीतरी पाय बदलतं. दहाव्या मिनिटाला शब्बीरकाका उठून टेम्पोच्या दरवाजापर्यंत गेले. मला कळलं, ही शांतता अशीच राहिली तर कुणीतरी 'चला' म्हणणार, आणि एकदा कुणी 'चला' म्हटलं की सगळेच चालणार.

ते सरांनाही कळलं असावं. कोऱ्या चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "प्रणोती, तोवर ह्यांना सांग तरी, हे गवत आलं कुठनं."

"हे आपल्याकडचं नाही," मी म्हणाले आणि थांबले. सगळे पुढचं ऐकायला थांबले होते. म्हणून मला पुढचं बोलावंच लागलं. म्हटलं, हे मेक्सिकोचं आहे.

"ते कुठं आलं?" आक्का-आत्यानं विचारलं.

आता हे तोंडी कसं सांगणार? मी काडी घेतली आणि अंगणातल्या मातीत आखायला लागले. तुळस म्हणजे आपला देश. इथून असा समुद्र, ही आफ्रिका, नामाआबा जरा पाय घ्या, तुम्ही आफ्रिकेवर उभे आहात. मग परत मोठा समुद्र, आणि टेम्पोच्या मागच्या चाकापाशी मेक्सिको. मी मेक्सिकोत जाऊन उभी राहिले आणि सगळी माणसं आपापले कप घेऊन माझ्यामागं सरकली.

आधी मी वहीतलं सांगितलं, जसंच्या तसं, 'व' आणि 'तसेच' सकट. मग लक्षात आलं की 'तसेच' म्हटलं की माणसं चहाकडे बघतात. म्हणून मी सरळ सांगायला लागले. हे त्याचं माहेर. इथं ह्याचा एवढा माज चालत नाही, कारण इथं ह्याला खाणारे आहेत. एक भुंगा आहे, मसुरीच्या दाण्याएवढा, सायीच्या रंगाचा, पाठीवर तपकिरी वळणदार रेघा. तो ह्याचीच पानं खातो. त्याची पिल्लं पिवळी असतात, तीही हेच खातात. दुसऱ्या एका किड्याची अळी खोडातच घुसून बसते. रोपानं जरा डोकं वर काढलं की कुणीतरी खायला हजर. मग सत्तरेक वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे बोटीनं गहू आला आणि म्हणतात की त्या गव्हातून ह्याचं बी आलं. आधी पुण्याकडं दिसलं. बी आलं, पण भुंगा तिकडंच राहिला.

"म्हंजे सासू मागं ऱ्हायली," आक्का-आत्या म्हणाली, "आन सून येकटीच आली. रान मोकळं."

लोक खो खो हसले, आणि मला पहिल्यांदाच कळलं की ते मला हसत नव्हते. मी म्हणाले, अगदी तसंच, आक्का. आणि सून कसली, एकेक रोप दहा-पंधरा हजार बिया टाकतं. त्या वाऱ्यानं जातात, पाण्यातून वाहत जातात, टायरच्या चिखलाला चिकटून जातात. शब्बीरकाकांनी वाकून आपलं टायर बघितलं. म्हणाले, म्हणजे मीच पेरत हिंडतोय काय गावोगाव?

"मग त्यालाबी धाडा की परत माहेरी," मागून कुणीतरी म्हणालं.

"परत धाडून कधी काय निभतं?" हे आई म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाची किटली. आक्कानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि आपला कप पुढं केला.

त्याला परत पाठवता येत नाही, मी म्हणाले, म्हणून मग चाळीसेक वर्षांपूर्वी सरकारच्या शास्त्रज्ञांनी तो भुंगाच तिकडून इकडे आणला. आधी तपासून बघितलं, आपली पिकं तर खाणार नाही ना. मग सोडला. पावसाळ्यात तो बाहेर येतो, पाऊस सरला की मातीत शिरून झोपतो, महिनेच्या महिने.

नामाआबांनी विचारलं, आपल्या गावात आहे का तो? मी खरं सांगितलं. चारशे बारा रोपांची पानं मी उलटीपालटी करून बघितलीत, एकही दिसला नाही.

मध्येच सगळ्यांनी शेवंतीकडे बघितलं. शेवंती रवंथ करत होती. साडेअकरा.

बारा वाजता वहीतलं सगळं संपलं. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण शब्बीरकाका टायरवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे होते, त्यामुळे थांबायची सोय नव्हती. मग मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगायला सुरुवात केली. हे उगवतं तेव्हा जमिनीला ताटासारखं चिकटून असतं, आजूबाजूच्या कुणाला वर येऊ देत नाही. मग मधूनच एकदम उंच होतं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी मुळासकट सहज निघतं, चौथ्या दिवशी नुसता शेंडा हातात येतो. जगदाळ्यांची शेळी चार शेंडे खुडते आणि पाचव्याला शिंकते. मग मी वैदेहीवर घेतलेला संशय सांगितला. गर्दीतून वैदेही म्हणाली, "माझ्यावर? अगं, माझीपण कमी होत होती." आता ती का कमी होत होती हे तिनं घरी जाऊन आपल्या शेळीला विचारावं, असं मी म्हणाले. मी. चारचौघांत.

मग मी शेवंती करून दाखवली. म्हणजे मेक्सिकोत, टेम्पोच्या चाकापाशी, गुडघे टेकले, मान लांब केली, जीभ बाहेर काढली आणि तोंड वाकडं करून चघळून दाखवलं. पप्पा इतके हसले की त्यांना टोपी काढावी लागली. शब्बीरकाकांचा फोन वाजला, बारशाचे लोक असणार. त्यांनी तो न बघता कापला. परत वाजला, परत कापला आणि मला म्हणाले, हां, पुढं. मी परत बोटीवर चढले, कारण बोट लोकांना आवडली होती. ह्यावेळी बोटीत मी वादळसुद्धा घातलं. सरांनी भुवया उंचावल्या.

"ए पोरी," मागून आक्का-आत्याचा आवाज आला. "जरा दम घे आता. ती खातीय."

मी वळले. सगळे वळले. आक्का-आत्या एकटीच गव्हाणीच्या दगडावर बसली होती, आणि तिच्या शेजारी शेवंती मान खाली घालून, तोंड वाकडं करून, मूठभर गवतातलं शेवटचं रोप चघळत होती. वरच्या ओठाला पांढरी फुलं.

आई पुढं धावली आणि तिनं ते तिच्या तोंडातून ओढून काढलं. मग तिथंच शेवंतीच्या गळ्याला हात घालून उभी राहिली. "दुपारचं तुला काही घालून जात नव्हते गं मी," एवढंच म्हणाली.

"कधीपासून खातीय?" पप्पांनी आक्काला विचारलं.

"मघापासनं. ही तिकडं मेक्सिकोत रांगत हुती तवाच सुरू केलं तिनं."

"मग आक्का, तेव्हाच सांगायचं नाही का?"

"ऐकत हुते की," आक्का-आत्या म्हणाली. "तुफानातनं बोट निघायची ऱ्हायली हुती."

ढोबळे सरांनी वही उघडली, माझ्या नावापुढं चारशे बारा लिहिलं आणि म्हणाले, ती शेवटची ओळ उद्या वर्गात सगळ्यांनी खोडायची. तिच्या जागी काय लिहायचं ते तू सांगशील. मी म्हणाले, भूक लागली की खातात, आणि मग दूध कडू होतं. सर म्हणाले, मला नको सांगू, उद्या वर्गाला सांग. त्यांनी ते असं म्हटलं, जसं काही मी रोजच वर्गाला काही ना काही सांगत असते.

दूध पुरतं गोड व्हायला बुधवार उजाडला. त्याचा पहिला चहा आईनं स्वतः फाट्यावर जाऊन प्यायला, हॉटेलातल्या बाकावर बसून, आणि दुपारी शेवंतीला टाकायला रोज एक पेंडी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणायचं पप्पांनी कबूल केलं. पण ते पुढचं. त्या रविवारी एकला दहा मिनिटं असताना शब्बीरकाकांनी फाळका लावला, टेम्पो सुरू केला आणि बारशाला उशीर झाला म्हणून स्वतःशीच काहीतरी बडबडत फाटकापर्यंत गेले. तिथं थांबले. इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ए बाळा," ते म्हणाले, "तो भुंगा जमिनीत झोपतो म्हणालीस. मग उठवतं कोण त्याला?"

मी फाटकाकडे पळत निघाले.

"सांगते," मी ओरडले. "थांबा, सांगते."